पायाळू

शेवटची होडी बोरिवलीकडे गेली
तेव्हाच बस्त्याव म्हणाला,
मोगरी काय सकाळची वाट बघत नाही.
शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे खळगे पडलेले,
कास तट्ट, सडांच्या टोकांना मेणासारखं काहीतरी.
त्याची मागची खोली भाड्यानं घेऊन मला सात महिने झाले,
गायीकडे इतकं वाकून मी कधी बघितलं नव्हतं.

एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली,
बत्तीस खाटा, महापालिकेच्या,
खाटा संपल्या की खाली सतरंज्या.
इथे गोराईत पाच गुंठे वाल आणि वांगी,
भरतीला मचूळ होणारी विहीर,
तीन गायी, एक पिवळा बल्ब.
खाडीपलीकडे विसाव्या-बाविसाव्या मजल्यावर
कुणीतरी अजून जागं.

मोगरी बसते, उठते, पुन्हा बसते.
मग भिंतीकडे तोंड करून उभी,
जशी आमच्याकडे एखादी पहिलटकरीण
खिडकीचा गज धरून उभी राहायची
आणि आम्ही ओरडायचो, आडवी हो, आडवी हो.
बस्त्याव दुसऱ्या गायीच्या कानातले
गोचीड काढत बसलाय.

दोनच्या पुढे पाणमोट दिसली,
निळसर, ताणलेली.
फुटली, आणि आत
दोन पाय.

पाय आधी! माझ्या तोंडून निघालंच,
बस्त्याव, डॉक्टरला फोन लाव!
दोन्ही हात कोपरापासून वर झाले होते,
हातमोजे कुणी घालेल म्हणून.

तो हसला, हसता हसता खोकला.
गो बाय, गुरं सगळी पायाळूच.
खुराचा तळवा बघ. खाली आहे ना?
मग पुढचे पाय. आता नाक येईल.
तळवा वर असता
तर तुझ्या आधी मीच बोंबललो असतो.

नाक आलं. पायांवर टेकलेलं, जीभ एका बाजूला,
विहिरीत सूर मारणाऱ्या पोरासारखं.

माझी आई पायाळू होती.
चाळीत कुणाची कंबर धरली की तिला बोलावणं यायचं,
ती पाठीवरून पाय फिरवायची, ओशाळत.
तिची स्वतःची कंबर जन्मभर दुखली.
तिला दुसरं पायाळू माणूस सापडलं नाही.

मोगरी ओरडली नाही.
एकदाच खोलातून आवाज, घागर बुडताना येतो तसा.
वॉर्डात ओरडणाऱ्या बायकांना
नवऱ्याजवळ जाताना दुखलं नाही का
असं मी विचारलंय.
मोठ्या आयांकडून शिकले होते ते वाक्य,
पुढच्यांना शिकवलंही.
गोठ्यात ते आठवायचं काही कारण नव्हतं.

मग खांदे, आणि बाकीचं सगळं एकदम
सरकन पेंढ्यावर.
तीन वाजून अकरा मिनिटं, मी घड्याळ बघितलं.
कालवड.
बस्त्यावनं तिच्या नाकात काडी घातली, ती शिंकली.
मी पुसायला फडकं घेऊन वाकले
तर मोगरीनं शिंग दाखवलं.
आमच्याकडे आधी पुसणं, मग वजन,
मग पायाला टॅग,
मग आई.
मी फडकं घेऊन तशीच उभी.
करवतीसारखी जीभ चालू होती.

वार पडेपर्यंत फटफटलं.
बस्त्यावनं ती माडाखाली खोल पुरली, कुत्र्यांच्या भीतीनं,
मोगरीपुढे गूळ-बाजरी ठेवली
आणि मला कोरा चहा दिला.
माझ्या तळहातावर पेनानं लिहिलेलं:
३.११. स्त्री. आई मोगरी.
बाप कोण, मी विचारलं.
तो म्हणाला, मोटारसायकलवरून आला होता,
बर्फाच्या धुरातून, काडीएवढा.

पहिली होडी लागली.
दुधाला येणारा पोरगा किटली वाजवत आला,
त्याला सांगितलं, मोगरीचं पाच दिवस नाही.
चिक द्या मग थोडा, तो म्हणाला.
बघू, आधी हिचं पोट.
कालवड चौथ्यांदा उठलीय, उभी आहे,
आणि आईच्या पुढच्या पायांमध्ये
कास शोधतेय.